अर्धी तपकिरी तबकडी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र वेगळं उरलं आहे आणि आठवलं की आजही अस्वस्थ वाटतं. नावं कुणाचीच देत नाही, त्याची गरजही नाही.

मी तेव्हा दक्षिण बेंगळुरूतल्या एका पोलीस ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. मूळचा बेळगावकडचा. मुलांच्या शाळांसाठी कुटुंब तिकडेच ठेवलेलं आणि मी पोलीस क्वार्टर्समध्ये एकटा. ठाण्यात कानडी, वरिष्ठांशी इंग्रजी, बाहेरगावच्या तक्रारदारांशी हिंदी. मराठी उरली होती ती फोनापुरती, आणि फोनवर तरी काय, 'जेवलात का' आणि 'तब्येत सांभाळा'.

एके सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत होतो. बाहेर माझा सबइन्स्पेक्टर हसू दाबत एका बाईंशी बोलत होता. बाई चाळिशीच्या, आयटी कंपनीत नोकरी, सर्जापूर रोडच्या एका मोठ्या सोसायटीत एकट्या राहणाऱ्या. तक्रार अशी, की दुरुस्तीला दिलेलं मनगटी घड्याळ फारच चांगलं होऊन परत आलं! पोलीस ठाण्यात असली तक्रार ऐकून कोण हसणार नाही? पण बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून मी त्यांना आत बोलावलं आणि त्यांच्या हिंदीतला मराठी हेल ओळखून मराठीत विचारलं, "काय झालं, नीट सांगा."

मराठी ऐकल्याबरोबर त्यांना रडू फुटलं.

"माझ्या बाबांचं घड्याळ आहे हो ते. रिटायर झाल्यापासून नागपूरच्या घरी खिडकीतच राहायचं. उन्हानं त्याची डायल अर्धी तपकिरी झाली होती. आता बघा कशी चकचकीत आहे! सगळे म्हणून राहिले, छान झालं, छान झालं. पण हे बाबांचं नाही ना, सर. मला तीच डायल पाहिजे."

डायल म्हणजे आकड्यांची तबकडी. वडील दोन वर्षांपूर्वी गेलेले, आई त्याआधीच. भावंडं नाहीत. नागपूरचं घरही विकलेलं. मी तक्रार नोंदवून घेतली, घड्याळ ठाण्यात ठेवून घेतलं, पण हातात पुरावा म्हणाल तर शून्य.

घड्याळ दिलं होतं बसवनगुडीतल्या एका वृद्ध गृहस्थांकडे. वय चौऱ्याहत्तर. एका सरकारी संशोधन संस्थेत सूक्ष्म यंत्रांच्या कामावर आयुष्य गेलेलं, आता घरीच घड्याळं दुरुस्त करत. माणूस मराठी, गल्लीत मान असलेला. सबइन्स्पेक्टर जाऊन आला, तर त्यांनी शांतपणे सांगितलं, जुनी तबकडी खराब होती, बदलली, फेकून दिली. पावती नव्हतीच. विश्वासावर दिलेल्या वस्तूची पावती कोण मागतो?

या धंद्याची मला काडीचीही माहिती नव्हती. म्हणून चामराजपेटेतल्या एका जुन्या कानडी दुरुस्तीवाल्याकडे जाऊन बसलो. त्याच्याकडून कळलं, की उन्हाने रंग बदललेली खरी तबकडी शौकिनांना नव्यापेक्षा प्यारी असते. नकली घड्याळात अशी एखादी खरी तबकडी, खरे काटे, खरी चावी बसवली की ते जाणकाराच्या हातातही खपून जातं. त्याला म्हटलं, अशी अर्धी तपकिरी दिसली तर कळव. पोलिसाची खरी शिदोरी म्हणजे अशा ओळखी.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. "सार, स्वल्प बेग बन्नि." जरा लवकर या.

पुढे जातं म्हणून एक घड्याळ त्याच्याकडे आलं होतं. केस, म्हणजे बाहेरचं कवच, परदेशातून पार्सलने मागवलेली नकली, मशीनही नकली, काटे आणि चावी खरी. आणि तबकडी अर्धी तपकिरी. पण तेवढ्याने ती बाईंचीच हे कसं ठरणार? तेव्हा त्याने मागचं झाकण उघडलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. घड्याळ उघडणारा प्रत्येक कारागीर झाकणाच्या आत सुईने आपली खूण आणि तारीख कोरतो, अशी या लोकांची जुनी रीत आहे. पुढच्याला कळावं, याआधी हात कुणाचा लागला ते. आत बारीक 'श्री' होता आणि त्याखाली मराठी आकड्यांत तारीख. दुकानदाराला ती नक्षी वाटली होती. मी ठाण्यातून बाईंचं घड्याळ मागवलं, त्याचं झाकण काढलं. तोच श्री, तेच आकडे, फक्त एका दिवसाचा फरक. खोटं घड्याळ बनवणाऱ्याने त्यात आपली सही ठेवली होती! याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

घड्याळ आणणारा गिऱ्हाईक पुण्याचा, कुठल्याशा कंपनीत मॅनेजर. मला बघून त्याला घाम फुटला. "सर, प्लीज, ऑफिसमध्ये कळायला नको. मी सगळ्यांना ओरिजिनल म्हणून सांगितलंय. नकली आहे हे मला माहीत होतं, पण आतले पार्ट्स कुणाचे ते खरंच माहीत नव्हतं." त्याने बसवनगुडीचाच पत्ता दिला. फसवणूक झालेल्यापेक्षा फजिती होऊ घातलेला माणूस लवकर बोलतो, हा माझा अनुभव आहे.

त्या वृद्ध गृहस्थांच्या घराची झडती घेतली, पंचनामा केला. खणात परदेशी कवचांची रास आणि लहान डब्यांत खरे भाग. मेजाच्या एका बाजूला त्यांचं स्टूल, समोर मात्र गादीची चांगली आरामखुर्ची. ती कुणासाठी, हे मला नंतर समजलं.

नाक दाबलं की तोंड उघडतं, असं आम्ही म्हणतो. नाक दाबायच्या तऱ्हा अनेक असतात. माझ्या माणसांनी त्यांना ठाण्यात आणून कानडीत विचारलं तेव्हा ते गप्पच बसून राहिले. मग मी कॉफी मागवली आणि म्हटलं, "काका, गाव कुठलं तुमचं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "सांगली. पण हे विचारणारं कुणी राहिलं नव्हतं, साहेब."

पत्नीला जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा परदेशात. वडिलांचं सांगलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, कला तिथली. भडंगावरून निघालेलं बोलणं दुपारपर्यंत तबकडीवर आलं आणि त्यांनी सगळं कबूल केलं.

"पण नकली घड्याळं कशाला, काका? पेन्शन आहे, हातात कला आहे."

"दुरुस्तीला आलेला माणूस घड्याळ ठेवतो आणि जातो, साहेब. हे घ्यायला येणारा बसतो. काटे कुठून मिळवले, चावी कशी जुळवली, विचारतो. तास तास बसतो. ही घ्यायला येणारी पोरं म्हणायची, काका, अजून जरा खरं वाटायला हवं. मग मी दुसऱ्याच्या घड्याळातलं खरं काढून त्यात बसवू लागलो."

चौकशी तिथेच संपली होती. तरी मी त्यांना आणखी दोन दिवस बोलावलं. कागदावर 'अधिक माहितीसाठी' असं लिहिलं. खरं सांगायचं तर मलाच बोलायला माणूस हवं होतं. ते मोकळेपणाने बोलत गेले आणि त्यातूनच आणखी चार गिऱ्हाइकांचे पत्ते मिळाले. ते पत्ते मी टिपून घेतले. तिसऱ्या दिवशी ते ठरल्या वेळेआधीच आले, डब्यात थालीपीठ घेऊन. "स्वतः केलंय, जरा करपलंय," म्हणाले. आम्ही दोघांनी ते खाल्लं. त्याच संध्याकाळी मी त्यांची अटक दाखवली.

बोटांचे ठसे घेताना त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, हे तीन दिवस तुमच्या कामाचाच भाग होता का?"

मी म्हणालो, "काका, इथे सही करा."

दुसऱ्या दिवशी जामीन झाला. ज्यांचे भाग गेले होते त्या बाकीच्या घड्याळमालकांनी तक्रार द्यायला नकार दिला. राहिल्या बाई. त्यांना शिक्षा नको होती, तबकडी हवी होती. ती सापडली होती, पण तिच्यात एक घोळ झाला होता. तबकडीच्या मागे मशीनमध्ये बसणारे दोन बारीक पाय असतात. नकली मशीनला बसावी म्हणून काकांनी ते कापले होते. चामराजपेटवाल्याने हात जोडले. पाय डाग देऊन परत जोडायला गेलं तर उष्णतेने तपकिरी रंग जाईल, ज्याने कापले त्यालाच जमलं तर जमेल, म्हणाला. कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली ती याच अटीवर, की काकांनी तबकडी होती तशी बसवून द्यायची.

बाईंना एकटीने जायला नको वाटत होतं, म्हणून मी साध्या कपड्यांत बरोबर गेलो. दार काकांनीच उघडलं.

"या ताई, आत या. चूक झाली माझी, फार मोठी चूक झाली." मग माझ्याकडे वळले आणि कानडीत म्हणाले, "सार, नीवु इल्ले कूतकोळ्ळि." तुम्ही इथेच बसा. आवाजात राग नव्हता. सरकारी कचेरीत अनोळखी माणसाशी बोलतात तसं ते बोलले.

मी बाहेर कट्ट्यावर तीन तास बसलो. आतून मराठी ऐकू येत होती. बाबा काय काम करायचे, घड्याळ कधी घेतलं, खिडकी कुठल्या बाजूची होती, काका एकेक विचारत होते आणि बाई सांगत होत्या. मग बाई एकदा हसल्या. मला उठून आत जावंसं वाटत होतं. अपमान वाटला म्हणू? नाही. हेवा वाटला.

बाई बाहेर आल्या त्या मनगट पुढे धरूनच. "बसली, सर. तशीच आहे हो, अगदी तशीच." डोळे भरले होते, पण चेहरा आनंदाने फुलला होता. काका दारापर्यंत आले. त्यांना म्हणाले, "ताई, महिन्याभराने येऊन जा, वेळ बरोबर दाखवतंय का पाहू." मला त्यांनी नमस्कार केला आणि दार लावून घेतलं.

आरोपीशी त्याच्या भाषेत बोला, असं मी नव्या अधिकाऱ्यांना शिकवत असे. आजही तेच सांगेन, कारण तपास त्यानेच लागतो. पण एकट्या माणसाशी आपण कामापुरतं बोललो, तरी तो कामापुरतं ऐकत नाही, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. कायद्याने मी कुठेच चुकलो नव्हतो. केसाने गळा कापला, एवढं मात्र खरं.

आता निवृत्त होऊन मी याच शहरात राहतो. पत्नी गेली, मुलं आपापल्या गावी. बसवनगुडी घरापासून बसने वीस मिनिटांवर आहे. दोनदा काकांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. पण दार उघडून ते पुन्हा माझ्याशी कानडीत बोलले तर, या भीतीने तिथूनच परत फिरलो.