धार ते देवास पायगाडीवर, आणि मांगल्याचे बाफले

धारेहून देवासला पायगाडीवर एका दिवसात जाता येतं का, असं पुष्कळजण विचारतात. येतं. कसं जावं ते सांगतो आणि कुठे थांबू नये तेही सांगतो, कारण नेमका तिथेच मी थांबलो होतो.

माझी धाकटी बहीण यमू देवासला दिलेली. पहिलटकरीण, सातवा महिना सरत आलेला. आठव्यात आमच्याकडे गर्भारशीला गाव सोडू देत नाहीत, म्हणजे बाळंतपणाला माहेरी आणायची तर सातव्यातच. वडील बैलांची धमनी जोडून जाणार होते, ते तापाने आडवे झाले. मी दरबारच्या कचेरीत कारकून. नुकतीच एका साहेबाची जुनी, दोन चाकांची पायगाडी घेतलेली आणि डोक्यात हवा गेलेली. बैलांना तीन दिवस लागतात, म्हटलं, मी दुपारी तीनच्या आत देवासात! सातव्याच्या शेवटच्या दिवशी मी येतो, असं पत्र आधीच गेलं होतं.

त्या दिवशी प्रस्थान झालं की काम झालं. माहेरचं माणूस आलं की सुनेने गाठोडं घेऊन दुसऱ्या घरी मुक्काम हलवायचा, म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरतात; पुढची बैलगाडी सावकाश निघू दे. देवासात तर हे फारच सोपं. गाव एक, राज्यं दोन. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. यमूचं सासर थोरलीत, मावससासू समोरच धाकटीत. रस्ता ओलांडला की परमुलूख!

"दिवेलागणीच्या आत पोच रे बाबा," आई म्हणाली. "नंतर सुनेला कोणी उंबऱ्याबाहेर काढत नाही."

माघातली थंडी होती. पहाटे निघालो. बेटम्यापर्यंत खडीचा रस्ता, पण बैलगाड्यांनी पार उखणलेला. चाकोरीत चाक घालू नका, मधल्या उंचवट्यावरून चालवा. दोन्ही बाजूंना हरभरा, गहू आणि अफूची पांढरी फुलं. बेटम्याला पैशात लोटाभर दूध मिळतं, ते प्यावं. इंदूरच्या गर्दीत शिरू नये. शेतांमधल्या कच्च्या वाटांनी मांगल्याला निघावं. तास तास माणूस भेटत नाही, चाकाची कुरकुर तेवढी ऐकू येते. या वाटांवर बाभळीचे काटे फार, म्हणून रबराचे तुकडे नि पंप जवळ हवाच. मला एक काटा लागला नाही. लागला असता तर बरं झालं असतं.

बाराच्या आत मांगल्यात होतो. पटेलाच्या ओट्यावर पाणी मागितलं आणि अख्खं गाव जमलं. दोन चाकांवर माणूस पडत कसा नाही, हे त्यांना बघायचं होतं. एकजण म्हणाला, "भिया, एक चक्कर ओर." एक का, मी दहा मारल्या. हात सोडून मारल्या, घंटी वाजवत मारल्या. मेला माझा मिजासखोर स्वभाव! मग पटेल जेवायचा आग्रह करत म्हणाले, "जीम ने जाजो, देवास कंई दूर नी हे." मला वाटलं, खरंच, वेळ आहे. बाफले म्हणजे कणकेचे गोळे; ते आधी उकडायचे, मग गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, मग तुपात बुडवायचे. तासाच्या वर गेला. मी सात खाल्ले आणि लिंबाखाली जरा पडलो. जाग आली तेव्हा ऊन पार कलंडलं होतं.

मग कसा धावलो ते विचारू नका. क्षिप्रेला गाडी खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून पार झालो. देवास दिसलं तेव्हा टेकडीवर देवीचा दिवा लागला होता.

यमू दारातच बसली होती. वेणीफणी केलेली, गाठोडं मांडीशी. सासूबाई मागे उभ्या.

"दुपारपासून ती उठली नाही इथून," त्या म्हणाल्या. "समोर अंथरूणसुद्धा घालून ठेवलंय. आता दिवा लागला, दादासाहेब. मी काय करू?"

पाच पावलं तर आहेत, मी म्हणालो. गयावया केली. त्या बाईच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांनी गाठोडं उचलून आत नेलं.

यमूने विचारलं, "दादा, वाटेत काय झालं?"

"काटा गेला," मी म्हणालो. "पंक्चर."

तिने माझे तळहात उलटे करून पाहिले. "तुला लागलं नाही ना?"

दुसऱ्या दिवशी आठवा महिना लागला; त्याच वाटेने मी एकटा परतलो. मांगल्याला पोरं मागे धावली, मी थांबलो नाही.

यमूला देवासलाच मुलगी झाली. तापातून अजून न उठलेल्या वडिलांना सोडून आईला जाता आलं नाही. मुलगी पाचवी पुजायच्या आधीच गेली. धारेत तरी काय वेगळं झालं असतं, असं सगळे म्हणतात. मला ते म्हणता येत नाही.

पुढे यमू महिनाभर माहेरी आली. एक दिवस पानावर बसलो असताना आई माझ्या पायगाडीला बोलायला लागली, मग मला. यमूने तिला थांबवलं.

"त्याला बोलू नकोस, आई. माझ्यासाठी जिवाचं रान केलं त्याने. काट्याला कोण काय करणार?"

आईने माझ्या पानात भात वाढला. मी तो खाल्ला.