शुक्रवारी चालणारी गाडी

आमच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा होती आणि तिला कुलूप होतं. एवढ्या एका वाक्यावर मी पाच पत्रकं लिहिली. आजही लिहू शकेन, इतका राग अजून शिल्लक आहे.

आत काय काय होतं? विजेची लाट पडद्यावर काढून दाखवणारा ऑसिलोस्कोप होता, मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड होते, आणि सगळ्यावर दुकानातून आलं तेव्हाचं प्लॅस्टिक तसंच चढवलेलं. का उघडत नाही विचारलं की उत्तर ठरलेलं, पोरं मोडतील. आता मला सांगा, पोरांसाठी आणलेली वस्तू पोरं मोडतील म्हणून पोरांना द्यायची नाही, तर ती आणली कुणासाठी? तपासणीला साहेब आले की कुलूप निघायचं, साहेबांचा चहा झाला की लागायचं. आमचं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचा परीक्षक येऊन त्याच यंत्रासमोर उभं करणार होता, आणि आम्ही त्याचं एक बटणही दाबलेलं नव्हतं. मला ती खोली परीक्षेच्या आधी उघडून हवी होती. बाकी काही मागणी नव्हती.

मी पत्रकं वाटत होते. मुलं घेत, वाचत, मान हलवत आणि कँटीनला जात. एकदा शेवटी दहा-बाराजण गोळा करून प्राचार्यांच्या दारात उभे राहिलो, तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: कार्यालयासमोर चारपेक्षा जास्त विद्यार्थ्यांनी एकत्र थांबू नये. वाचून माझं डोकंच फिरलं. शहरात जमावबंदी लागते ती आम्हाला पाठ होती, पण कॉलेजात? कुलुपाबद्दल बोलू नका, म्हणून माणसांनाच कुलूप?

बाकावर माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण शांत डोक्याची. कोकणी मुसलमान घर, वडिलांचा लूमचा, कापड विणणाऱ्या यंत्रमागांचा कारखाना, त्यामुळे यंत्रांचं तिला कौतुकही नाही आणि भीतीही नाही. माझी बडबड तिने पूर्ण होऊ दिली आणि म्हणाली, "माणसं चालत नाहीत ना त्यांना? मग माणूस पाठवूच नको."

"म्हणजे?"

"गाडी पाठव. रेडिओवर चालणारी. तिच्यावर तुझ्या मागणीचा बोर्ड लाव आणि पाठव थेट प्राचार्यांच्या दारात. गाडीला म्हणतील का, की तू जमाव आहेस?"

मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. माणूस नसलेला मोर्चा! असं डोकं आमच्या अख्ख्या विद्यार्थी संघटनेत कुणाचं चाललं नव्हतं.

चिप, मोटारी आणि रेडिओचे दोन छोटे तुकडे, एक पाठवणारा आणि एक ऐकणारा, असं सगळं आम्ही मुंबईतून आणलं. जो मायक्रोकंट्रोलर कॉलेजात प्लॅस्टिकखाली झोपला होता, तसाच एक आमच्या पिशवीत होता. मुंगळ्यासारखा, दोन्ही बाजूंना पाय असलेला. तो हातात घेतल्यावर मला जे वाटलं ते कुठल्या सभेत वाटलं नव्हतं. याच्यात आपण लिहायचं आणि यानं ऐकायचं! कॉलेजात आमचं कोण ऐकत होतं?

काम चालायचं मैत्रिणीच्या कारखान्यावरच्या माळ्यात. पण खाली लूम चालू असले की माळा थरथरतो. टेबलावर ठेवलेला स्क्रू आपला आपण चालत कडेपर्यंत जातो आणि खाली उडी टाकतो. तिथे सोल्डरिंग करायचं म्हणजे भूकंपात सुईत दोरा ओवायचा. म्हणून आम्ही शुक्रवार धरला. शुक्रवारी तिच्या मोहल्ल्यातले सगळे लूम बंद. एरवी ओरडून बोलावं लागतं त्या गल्लीत त्या दिवशी भांडी घासल्याचा आवाज ऐकू येतो. कॉलेज सुटलं की आम्ही माळ्यावर. ती जोडणी करायची, मी तिच्या भावाच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायचे. चाकं म्हणजे लोणच्याच्या बरण्यांची झाकणं, वर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या.

भांडण एकाच गोष्टीवर झालं. रेडिओचा सिग्नल तुटला तर गाडीने काय करायचं? मी म्हटलं, पुढे जायचं. शेवटचा हुकूम पुढे जा असा असेल तर जातच राहायचं, मोर्चा असा मध्येच थांबत नसतो. ती म्हणाली, थांबायचं. मी तिला भित्री म्हटलं. तिने इस्त्री खाली ठेवली. सोल्डरिंगच्या कांडीला ती इस्त्रीच म्हणायची.

"अगं बाई, कुणाच्या पायावर चढली तर? उद्या तेच म्हणतील, बघा, पोरं मोडतात. तू घोषणा लिही, पण हे मी सांगते तसं लिही."

मी तोंड वाकडं केलं आणि तसं लिहिलं. सिग्नल नाही, तर गाडी जागच्या जागी उभी.

पहिल्यांदा चालली ती बंद लूमांच्या मधल्या बोळातून. मी बटण दाबलं आणि ती गेली! कापसाचे तंतू चाकांना गुंडाळत सुसाट शेवटच्या लूमपर्यंत गेली, वळली आणि परत आली. मी किंचाळले. मैत्रिणीचे वडील वर-खाली करत हिशोब बघत होते, ते येऊन उभे राहिले. मी म्हटलं, चाचा, बघितलं का? ते म्हणाले, बघितलं, आता हिला लूमवरच्या ताण्याच्या सुतात घुसवू नका म्हणजे झालं. पण नंतर त्यांनीच दोनदा चालवून बघितली, आणि दुसऱ्यांदा गरज नसताना.

मी गाडी एका रात्रीसाठी शेलारला, भिवंडीशेजारच्या आमच्या गावी, घरी नेली. आईने पिशवीत डोकावून विचारलं, "यो काय हाय?"

"मोर्चा हाय, आये."

"मंग जेवून जा म्हनावं त्याला," म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

दिवस मी ठरवला. सोमवार, मोठी सुट्टी, सगळं कॉलेज हजर. गाडीवर पुठ्ठ्याचा बोर्ड, 'प्रयोगशाळा उघडा', आणि मागच्या ट्रेमध्ये प्राचार्यांसाठी माझं पाचवं पत्रक, सगळ्यात जहाल. आम्ही दोघी जिन्याच्या तोंडाशी. दोघी म्हणजे चारपेक्षा कमी, मोजून घ्या. गाडी सोडली. दहा-बारा फूट ऐटीत गेली. मग झटका, थांबली. पुन्हा थोडी गेली, पुन्हा झटका. असं करत करत, दारूड्यासारखी, कार्यालयाच्या बरोब्बर दारासमोर आली आणि मेली. मी बटण इतक्या जोराने दाबलं की अंगठा पांढरा पडला. काही नाही.

कारण मैत्रिणीच्या लक्षात आधी आलं. तिने नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. कॉलेजच्या भिंतीपलीकडे कुणाचातरी कारखाना, आणि कारखान्यात लूम, सगळे चालू. खटाखट, खटाखट. इतक्या मोटारींची विजेची खरखर हवेत, त्यात आमच्या रेडिओचा आवाज कोण ऐकणार? आम्ही गाडी जन्मल्यापासून फक्त शुक्रवारी चालवली होती! भिवंडीत राहून आम्ही लूम बंद असतानाची गाडी बनवली होती.

मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात एक मुलगा वाकून गाडी बघायला लागला. मग दुसरा. मेकॅनिकलची पोरं आली, कँटीनमधली आली, ज्यांनी माझ्या पत्रकांची विमानं केली होती ती सगळी आली. कुणी विचारतंय चाकं कशाची, कुणी म्हणतंय बॅटरी गेली असेल, कुणी बोर्ड मोठ्याने वाचतंय. बघता बघता कार्यालयासमोर पाय ठेवायला जागा नाही. मी महिनाभर घसा फोडून जे जमवू शकले नाही ते एका बंद पडलेल्या गाडीने जमवलं. मला आनंद झाला आणि त्याच वेळी प्रचंड रागही आला, दोन्ही खरं.

प्राचार्य बाहेर आले. गर्दी बघून चिडायच्या तयारीत होते, पण पायाशी गाडी होती. त्यांनी चष्मा वर केला. ट्रेमधलं पत्रक त्यांनी वाचलंच नाही, अजून सांगते, वाचलं नाही. कुणाची गाडी म्हणाले. मी घोषणेसाठी तोंड उघडत होते, तर मैत्रिणीने माझं मनगट धरलं आणि पुढे झाली.

"आमची, सर. सिग्नलमध्ये खरखर येतेय. स्कोपवर बघितलं तर लगेच कळेल."

"मग बघा की. लॅबमध्ये न्या."

"लॅबला कुलूप आहे, सर."

ती हे इतक्या साधेपणाने बोलली, जणू बाहेर ऊन आहे सांगतेय. कुणीतरी मागून हसलं. मग सगळेच. प्राचार्यांचे कान लाल झाले. त्यांनी शिपाईमामांना किल्ली आणायला सांगितली आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "या गाडीचा दोष सापडेपर्यंत लॅब रोज दुपारी उघडी राहील. सापडला की मला येऊन सांगायचं."

आम्ही आत गेलो आणि आमच्यामागे मावतील तेवढे. प्लॅस्टिक निघालं तेव्हा असा चर्र आवाज झाला की माझ्या अंगावर काटा आला. मैत्रिणीने स्कोपच्या तारा लावल्या, मी बटण दाबलं, आणि हिरव्या रेषेवर आमचा सिग्नल उभा राहिला, चौकोनी, स्वच्छ, आणि त्याच्या अंगभर लूमांच्या खरखरीचे केस. दिसत होता! डोळ्यांनी! मागची पोरं माझ्या खांद्यावर चढून बघत होती. मला दाबू दे, मला दाबू दे.

मैत्रिणीने गाडीतली एक तार दुसरीकडे सरकवली, एरियल जरा लांब केली, मोटारींवर खरखर गिळणारे दोन चिमुकले कपॅसिटर लावले. केस गळून गेले. जेमतेम अर्धा तास झाला असेल. ती माझ्या कानाशी आली.

"सापडला दोष. जाऊन सांगू सरांना?"

मी खोलीकडे बघितलं. एका टेबलावर चौघं बोर्डात प्रोग्राम भरायला बसले होते, दुसरीकडे कुणी मीटरवर स्वतःच्या मोबाइलची बॅटरी मोजत होतं, आणि प्रयोगशाळेचे सर, ज्यांना आम्ही कधी खुर्चीतून उठताना पाहिलं नव्हतं, स्कोपचं माहितीपुस्तक उलगडून वाचत होते.

"अजिबात नाही," मी म्हटलं.

तिने एक कपॅसिटर उपटला आणि खिशात टाकला. परीक्षेच्या दिवसापर्यंत आम्ही दोष शोधत राहिलो.