न मिटणारे घोंगे

ठमाबाई तलावातले घोंगे, म्हणजे खायच्या गोगलगायी, विकायची. चाळीस वर्षांत तिनं मेलेला घोंगा कुणाच्या पदरात टाकला नव्हता. तिची परीक्षा सोपी. नखानं टिचकी मारायची. झाकण मिटलं तर जिता, न मिटता घाण वास आला तर मेलेला. मधलं काही नसतं.

१९८६च्या पावसाळ्यात मधलं निघालं.

गाळ सुटावा म्हणून घोंगे दोन दिवस माठातल्या स्वच्छ पाण्यात ठेवतात. त्या वर्षी जावयानं बल्लारपूरहून प्लास्टिकचा निळा डरम आणला. आधी त्यात काय होतं, कुणी विचारलं नाही. ठमाबाईनं तो राखेनं घासला, घोंगे भरले आणि बाजाराच्या आदल्या सकाळी थोडे घेऊन माझ्या दारात हजर.

"बाई, तुमी कालेजात किडेमकोडे शिकल्या ना? सांगा, हे मेले का जिते?"

झाकणं उघडी, मांस लोंबतंय. वास नाही. सुई टोचली की जरासे हलतात, मिटत मात्र नाहीत.

"मला काय माहीत?"

"मंग शिकल्या काय?"

मी काही घोंगे तिच्या माठात टाकले, काही माझ्या कोऱ्या प्लास्टिकच्या बादलीत. संध्याकाळी माठातले निम्मे मिटले, बादलीतले दोनच. म्हणजे दोष डरममध्ये आधी असलेल्या कसल्याशा औषधाचा, की प्लास्टिकचाच? पुढे रत्नागिरीच्या मैत्रिणीला विचारलं. ती समुद्रातल्या शिंपल्यांवर काम करायची. तिनं लिहिलं, प्लास्टिकमधून पाण्यात काहीतरी उतरतं असा आम्हालाही संशय आहे, नक्की काय ते ठाऊक नाही. झालं!

"मिटलेले तरी विकतो," त्या संध्याकाळी ठमाबाई म्हणाली.

"नको विकू."

"काऊन? मिटले ना!"

"मिटले म्हणजे खायला चांगले, असं कोण म्हणतं?"

"तुमीच सांगा ना मंग!"



बाजाराच्या दिवशी तिची टोपली निघालीच नाही. नेहमीचं गिऱ्हाईक सोनीबाई दारातून ओरडली, "काऊन वं ठमाबाई, नवरी झाली का घरात बसाले?"

"आज माल नाई!"

परसात माझ्यासमोर खड्डा खणून ती सगळे घोंगे पुरत होती. पहिलं ढेकूळ पडताच एकानं झाकण मिटलं. तिचा हात थांबला.

"बाई, जित्याले मातीत घालून राह्यली का मी?"

"टाक माती," मी म्हणाले. बरोबर की चूक, आजही सांगता येत नाही.

तिनं टाकली.