पालथ्या बाई आणि मूठभर माती

आमच्या केनवडात कुणाच्या घरी तान्हं लेकरू असलं की अंगणवाडीच्या बाई यायच्या, आणि आल्या की खुर्ची, सतरंजी काही न बघता सरळ जमिनीवर पालथ्या पडायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने चांगल्या भरलेल्या बाई कोपरं टेकून लेकरासमोर पसरलेल्या पाहिल्या की नवख्या माणसाला वाटायचं, यांना भोवळ आली. गावाने त्यांचं नाव पालथ्या बाई ठेवलं होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं. "उभ्यानं पायलं तं लेकरू दिसते," त्या म्हणायच्या, "पडून पायलं तं लेकराले काय दिसते ते दिसते."

त्यांच्या पिशवीत सरकारी रजिस्टरापेक्षा महत्त्वाच्या दोन वस्तू असत. एक स्टीलची वाटी आणि दुसरी पाण्याची प्लास्टिकची बाटली, तिच्यात मूठभर सोयाबीन घालून झाकण चिकटपट्टीने पक्कं केलेलं. हा त्यांचा खुळखुळा. तो वाजवून त्या पाच महिन्यांच्या लेकराला विचारायच्या, "काय साहेब, रिसोडले सोयाबीनचा काय भाव निघाला?" आणि मग गप्प बसायच्या. लेकरू हूं करेपर्यंत खरंच थांबायच्या. मी एकदा हसलो, तर मान न वळवता म्हणाल्या, "लेकरू जवाब देते. तुमीच थांबत नाई."

मी रिसोडला एका कृषी केंद्रात कामाला. दिवसभर शेतकऱ्यांना कोणत्या पिकाला काय फवारायचं ते सांगतो, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. माझा मुलगा देवांश सहा महिन्यांचा झाला तेव्हा मी त्याला मांडीवर घेऊन, समोर मोबाइलवर गाणी लावून खिचडी भरवत होतो. बाईंनी मोबाइल उचलून माझ्याच खिशात घातला. "हा निस्ता बोलते, आयकत नाई," म्हणाल्या, आणि वाटी पोराच्या हाताशी सरकवली. पोराने मुठीने खिचडी कानात, डोक्यात आणि चुकून थोडी तोंडात घातली. सुनीता, माझी बायको, फडकं घेऊन धावली, तर बाईंनी तिचा हात धरला. "सांडू दे वं माय. आज कानात गेली, उद्या तोंडात जाइन."

देवांश आम्हाला लग्नानंतर सात वर्षांनी झाला. त्याआधी दोनदा आशा लागून विझली होती. म्हणून माझ्या आईने टेकडीवरच्या देवीला नवस बोलला होता : लेकरू जगलं तर पहिल्या वाढदिवसाला तुझ्या पायरीवर ठेवीन, तोवर दुसऱ्या कोणत्याही भुईला त्याचं अंग लागू देणार नाही. आई हा नवस अक्षरशः पाळत होती. पोरगं एक तर कुणाच्या तरी कडेवर, नाही तर झोळीत. बाजेवर ठेवलं तर दोरीच्या खोलगटात रुतून बसे, आणि ते पडेल या भीतीने आई पुन्हा उचलून घेई. आम्ही तिघं आळीपाळीने त्याला धरून होतो आणि याला लाड म्हणत होतो.

देवांश नऊ महिन्यांचा झाला तरी बसेना. मांडीवर ठेवला की ओल्या फडक्यासारखा एका अंगाला कलायचा. बाईंनी आधी आम्हाला डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरांनी हातपाय, मान, कान, डोळे सगळं तपासलं आणि आजार काही नाही म्हणाले. याला खाली सोडा, मोकळं खेळू द्या, आणि महिनाभराने पुन्हा दाखवा. हे पोर मागे राहिलं तर आमच्या मायेमुळे राहील, हे मला पहिल्यांदाच उमगलं.

आई ऐकेना. "देवीले बोलली हाय मी. देवी डॉक्टरले इचारून लेकरू देत नाई," ती म्हणाली. मी आवाज चढवला, सुनीता रडली, आई झोळीची दोरी धरून बसली. बाई मात्र आईवर एकदाही चिडल्या नाहीत. तिच्या शेजारी बसून त्यांनी नवस पुन्हा पहिल्यापासून ऐकून घेतला, बाजारातला सौदा ऐकावा तसा. मग विचारलं, "आजी, देवीच्या भुईवर तं चालते ना?"

"चालते. पण ते वाढदिवसाले."

"पायरी वाढदिवसालेच. पण देवीची माती तुमच्या घरी आली तं?"

आईने हातातली झोळीची दोरी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊलाच बाई दारात हजर. पदराच्या गाठीतून त्यांनी मूठभर माती काढून आईच्या तळहातावर ठेवली आणि ही देवीची माती म्हणाल्या. आईने ती माती चिमटीत चुरली, नाकाशी नेली, बराच वेळ बघत राहिली. भक्तीने बघते आहे असं मला वाटलं. मग तिने ती माती फडक्यात बांधली, स्वतःच्या हाताने जमिनीवर ठेवली, वर गोधडी अंथरली आणि म्हणाली, "ठेवा माह्या राजाले."

पहिल्या दिवशी राजाने दोन मिनिटांत घर डोक्यावर घेतलं. बाई समोर पालथ्या पडून सोयाबीनची बाटली हलवत होत्या. पुढच्या आठवड्यात आईही पडली. सत्तरीची माझी आई, गुडघ्यांना तेल चोळून, बाईंच्या शेजारी पालथी! दोघी एकीमागून एक बाटली लांब सारायच्या आणि पोरगं गोधडीवर पोटाने रेटत यायचं. महिन्याने डॉक्टर हसले. पुढे काही दिवसांनी देवांश आधाराशिवाय बसला आणि त्याने पहिलं काम केलं ते बाईंचा चष्मा ओढण्याचं. त्या दिवशी मी दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला ही बातमी दिली, फवारणीचं नंतर सांगितलं.

वाढदिवसाला आम्ही जीप करून टेकडीवर गेलो. बाईंना आईनेच आग्रहाने नेलं. देवांशला खालच्या पायरीवर ठेवलं, तर तो रांगत पुढे गेला, वरच्या पायरीला धरून लटपटत उभा राहिला आणि आमच्याकडे वळून हसला. मी सगळ्यांदेखत रडलो, त्याची मला लाज वाटत नाही.

आईने देवीला हात जोडले. मग वाकून पायरीजवळची माती उचलली. टेकडीची माती तांबडी, मुरमाड. घरी गोधडीखाली दोन महिने होती ती आपल्या वावरातली असते तशी काळी. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. आईने मात्र उभा जन्म मातीत काढला होता. तिने ती तांबडी माती कागदात बांधली आणि बाईंच्या हातात ठेवली.

"घे बाई. पुढच्या घरी लागन तुले. सगळ्याच बुढ्या माह्यासारख्या चूप नाई बसत."

कुणालाही जवाब देणाऱ्या बाई त्या दिवशी आईच्या पाया पडल्या. "काहून चूप बसल्या मंग, आजी?" त्यांनी हळूच विचारलं.

"तू लेकराले खोटं नाई बोलली," आई म्हणाली. "मलेच बोलली."

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि रिसोडला लेकीकडे राहायला गेल्या. निघताना अंगणवाडीचं कपाट नव्या सेविकेच्या ताब्यात देत होत्या, मी पिशवी उचलायला गेलो होतो. रजिस्टर, वाटी, बाटली आणि शेवटी ती कागदाची पुडी. पुडी मी ओळखली. तिच्यात जेमतेम चिमूटभर माती उरली होती.