लाल टोपी आणि न दिलेला नारळ

गावात मला ‘मिलिट्रीतला कंडक्टर’ म्हणत. मी लष्करी पोलिसांत हवालदार होतो आणि ऐंशीच्या दशकातली माझी बरीचशी नोकरी उत्तरेतल्या एका मोठ्या रेल्वे स्टेशनवर गेली. डोक्यावर लाल टोपी, कमरेला पांढरा पट्टा, आणि काम काय, तर रजेवर जाणाऱ्या-येणाऱ्या जवानांचे पास बघणं. लांज्याच्या स्टँडवर एसटीतून उतरलो की कोणीतरी विचारायचंच, “काय रं, किती तिकिटां फाडलीस?”

त्याहून झोंबणारं बोलणंही ऐकलंय. सीमेवर जायचं सोडून हा आपल्याच माणसांना धरतो, असं. धरतो. धरलेच पाहिजेत. बटणं उघडी टाकून, दारू पिऊन प्लॅटफॉर्मवर लोळणारा जवान मी उचलला नसता तर त्याची गाडी चुकली असती, आणि गाडीपाठोपाठ नोकरी. ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या उस्तादाने आम्हाला आमच्या दलाची कुळकथा सांगितली होती. दुसऱ्या महायुद्धात हजारो गाड्यांचे ताफे परक्या मुलखातून न्यायचे होते. तेव्हा चौकाचौकांत उभं राहून वाट दाखवणारी माणसं लागली, आणि त्यातून आपलं दल वाढलं. शेवटची गाडी जाईपर्यंत तो माणूस चौकातून हलायचा नाही, वरून बॉम्ब पडत असले तरी. पुढे युद्धकैदी सांभाळणं आलं, छावणीतल्या चोऱ्यामाऱ्यांचा तपास आला, आणि रजा संपूनही न परतलेल्यांचा शोध आला. या शेवटच्या कामामुळे आमचं तोंड कोणालाच आवडत नाही. मला त्याची लाज कधी वाटली नाही, आजही वाटत नाही.

सणाच्या दिवसांत आम्हाला रजा मिळत नसे, कारण बाकी सगळी फौज तेव्हाच प्रवासाला निघते. त्या वर्षी शिमगा उरकून, ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरून देवळात परत गेल्यावर मी घरी आलो. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पाय धुतोय तोच आईने सांगितलं की खालच्या वाडीतला पायदळातला मुलगा अजून गावातच आहे.

“रजा कधी संपली त्याची?” मी विचारलं.

“होळीच्या दिवशी. पालखी घराकडं येईस्तवर काकानं सोडला नाय त्याला.”

मी बोटांवर मोजलं. एकवीस दिवस झाले होते. तीस दिवस बिनरजेचे भरले की पलटणीत चौकशी बसते आणि तो जवान भगोडा, म्हणजे फौजेतून पळालेला, ठरतो. बावीस वर्षांचा मुलगा होता तो. गिरण्या बंद पडून गावात घरोघरी माणसं हात बांधून बसलेली, त्यांच्यात हा एकटा पक्क्या नोकरीचा. नऊ दिवसांत तोही घरी बसणार होता, तेसुद्धा कपाळावर शिक्का घेऊन.

संध्याकाळी देवळापुढच्या पारावर गेलो. मुलाचा काका तिथे बसला होता. हा पालखीचा मानकरी, सारा जन्म मुंबईच्या गिरणीत काढलेला, आणि गावकीत त्याच्या शब्दाबाहेर कोणी नाही. मुलगा पारापाशी खाली मान घालून उभा होता.

“तात्या, याला अजून ठेवलात कसा?” मी म्हणालो.

“काय काळजी करू नको. कागद गेलाय रजिस्टरनं. कावीळ लिवलीय डॉक्टरनं.”

मला हसावं की डोकं आपटावं ते कळेना. गिरणीतून शिमग्याला गावी आलेला माणूस असाच राहायचा. रजा संपली की गावच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट टपालात टाकायचं आणि पालखी नाचवायची. खातं चालवणाऱ्या साहेबालाही ठाऊक असायचं की शिमग्यात अख्ख्या कोकणाला कावीळ होते. तेच औषध या माणसांनी फौजेला लावलं होतं, अगदी सरळ मनाने.

“फौजेत हा कागद चालत नाही. आजारी असेल तर मिलिट्रीच्या हॉस्पिटलात जाऊन हजर व्हावं लागतं,” मी म्हणालो.

“मग तू मार शिक्का! लाल टोपी हाय ना तुझ्याकडं? आपल्या माणसाचां येवढां पण नाय करायचास?”

“शिक्का माझ्याकडे नाही, आणि असता तरी मारला नसता. हा उद्या सकाळच्या गाडीने माझ्याबरोबर येतोय.”

पारावर एकदम गलका झाला. गावच्या पोराला गावचाच माणूस बेड्या घालून नेणार, असं म्हणत दोघंतिघं अंगावर आले. मी हललो नाही. मुलाला विचारलं, “तुला भगोडा व्हायचंय?”

“नाय, दादा,” तो म्हणाला. एवढंच, पण मोठ्याने.

काका उठला. “घेऊन जा. पण ध्यानात ठेव, पालखी तुझ्या खळ्यात पाय ठेवणार नाय.”

“नका आणू,” मी म्हणालो. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर आई नव्हती, हे कबूल करतो. रागात होतो. घरी येऊन तिला सगळं सांगितलं. तिने चुलीपुढे बसून आमच्या दोघांच्या वाटेसाठी भाकऱ्या थापायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी आंबा घाट चढून कोल्हापूर, तिथून गाडी बदलून बेळगाव. जवळची मोठी छावणी तीच. वाटेत त्याने दहा वेळा विचारलं, काय होईल, दादा? शिक्षा होईल, मी सांगत होतो. पलटणीत पाठवतील, थोडे दिवस कोंडतील. पण नाव राहील. छावणीच्या फाटकासमोर चहाची टपरी होती, तिथे मी थांबलो.

“तुमी या ना आत,” तो म्हणाला.

“मी आलो तर कागदावर पकडून आणला असं येईल. एकटा गेलास तर आपणहून हजर झाला असं लिहितील. या दोन ओळींत तुझी सगळी नोकरी आहे. जा. आणि कावीळ झाली म्हणू नकोस.”

तो गेला. पायजमा-शर्टात होता, तरी दहा पावलांनंतर त्याची चाल आपोआप कवायतीची झाली. डावा पाय थोडा बाहेर फेकायची खोड होती त्याला. फाटकावरच्या पहारेकऱ्यापुढे तो ताठ उभा राहिला, काहीतरी बोलला आणि आत गेला. मी चहा प्यायलो आणि परत फिरलो. गेली कित्येक वर्षं माणसं धरत होतो, त्या दिवशी पहिल्यांदा एक सोडून आलो.

त्याला चौदा दिवसांची कोठडी झाली आणि नोकरी वाचली. त्याने काकाला खरं काय ते पत्रात लिहिलं. काकाने ते अख्ख्या पाराला वाचून दाखवलं आणि निकाल दिला की डॉक्टरचा कागद उशिरा पोचला, पण लागू पडला. म्हणजे पोरगा काविळीने वाचला आणि गाववैरी मी ठरलो!

पुढच्या शिमग्यात मी स्टेशनवर पास तपासत होतो. आईने खळं सारवलं, रांगोळी घातली, नारळ घेऊन बसली. ढोल जवळ आले आणि आमच्या गडग्यावरून, दगडी कुंपणाच्या बाहेरूनच, पुढे निघून गेले. नंतर गावकीचा निरोप आला की तुझ्या पोराच्या नावाने माफीचा एक नारळ पारावर ठेव, पुढच्या साली पालखी येईल. फक्त एक नारळ. आमच्या परड्यात नारळांना तोटा नव्हता, आणि पालखी हा आईचा वर्षाचा एकुलता आनंद होता.

“माझ्या पोरानं काय चोरी केलीय?” ती निरोप्याला म्हणाली. “देव यायचा तर येल. नारळ मिळायचा नाय.”

मला हे शेजाऱ्याच्या पत्रातून कळलं. ते पत्र वाचून मी बराकीत रडलो. लाल टोपीवाल्याने रडू नये असा काही नियम नाही.

तिसऱ्या वर्षी साहेबाच्या हातापाया पडून मी शिमग्याची रजा मिळवली. खालच्या वाडीतला तो मुलगाही आला होता, रीतसर पास घेऊन, आणि पालखीच्या पुढच्या दांडीला खांदा देत होता. आई नेहमीसारखी सारवलेल्या खळ्यात उभी. मी तिला आत चल म्हणालो, ती हलली नाही.

आमच्याकडे पालखी माणसं नेत नाहीत, देव ओढतो असं मानतात. देवाने ओढ घेतली की खांदेकऱ्यांनी तिकडे जायचं आणि मानकऱ्यानेही तोंड उघडायचं नाही. आमच्या गडग्याशी पालखी आली, डोलली, आणि पुढे न जाता एकदम आमच्या खळ्यात वळली. ढोलवाले गोंधळले. काकाचं तोंड उघडं पडलं आणि तसंच मिटलं.

आईने नारळ पुढे केला आणि काकाकडे बघत ठणकावून सांगितलं, “हा देवाचा नारळ हाय. माफीचा नाय.”

मी उभा जन्म कवायतीतले पाय बघितलेत. चुकीचा पाय शंभर जणांत ओळखतो. त्या वळणावर पहिला पाय कोणाचा पडला ते मी स्पष्ट बघितलं. डावा होता, थोडा बाहेर फेकलेला. त्याची नजर माझ्या नजरेला भिडली आणि तो घाबरला, स्टेशनवर माझ्यापुढे पास काढताना जवान घाबरतात तसा.

मी नजर दुसरीकडे वळवली. सगळ्या नोकरीत मी एवढा एकच गुन्हा वर कळवला नाही.