दिवेलागणीचं काम

चौलला आमच्या वाडीत तीन घरं आहेत: थोरल्या भावाचं, माझं आणि धाकट्याचं. राहतो मात्र मी एकटाच. थोरला ठाण्याला, धाकटा पुण्याला, आणि माझी बायको जाऊन चार वर्षं झाली. रोज दिवेलागणीला चाव्या घेऊन मी दोन्ही बंद घरं उघडायचो, आत एक फेरी मारायचो आणि ओटीवरचा दिवा लावून यायचो. घर नांदतं आहे असं रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं पाहिजे.

सातला ठाण्याहून वहिनींचा फोन यायचा. "भाऊजी, लावलात का दिवा?" एवढंच विचारायला त्यांना अर्धा तास पुरायचा नाही. सुपारी वाळली का, जेवायला काय केलंत, पुन्हा पिठलंच का, मग त्यांचे गुडघे. दिवसभरात मी जे काही बोलायचो ते बहुतेक त्या फोनवरच. हे मला कळत होतं, पण कबूल करायची लाज वाटायची.

वाडीतली लाइट भरवशाची नाही. वाऱ्यानं एक झावळी तारेवर पडली की दोन दिवस अंधार. म्हणून तिन्ही घरांना मिळून सोलार बसवायचं मी मनावर घेतलं. भाऊ म्हणाले, तू बघ काय ते. नेहमीचंच.

मी कॅलेंडरच्या पाठीवर वाडीचा नकाशा काढून ठेवला होता. म्हसळ्याहून सोलारवाला आला, पन्नाशीचा, शांत माणूस. गुडघे धरत तो तिन्ही छपरांवर चढला. थोरल्याचं घर कौलारू. माझ्या स्लॅबवर दुपारनंतर सुपारीची सावली. उन्हाला मोकळा फक्त धाकट्याचा स्लॅब, म्हणजे पॅनल तिथे. बॅटरी माझ्या पडवीत, कारण तिच्याजवळ कुणीतरी माणूस हवा. तिथून दोन्ही घरांना जमिनीतून पाइप घालून वायर न्यायची. माझा नकाशा त्यानं मान डोलावत पाहिला आणि मी उगीचच फुशारलो.

मग त्यानं विचारलं, कुठल्या घरात काय काय चालणार. माझ्या घरात पंप, फ्रिज, पंखा, टीव्ही. उरलेल्या दोन्ही घरांत एकेक दिवा.

"या दोन घरांत कोन ऱ्हातच न्हाय?"

"राहतात. बाहेरगावी असतात," मी तिरसटपणे म्हटलं. त्यानं लिहून घेतलं.

दिवेच लावायचे तर ते आपोआप लागतील असं करता येतं, तो म्हणाला. फोनवर ॲप टाकलं की ठाण्यात बसूनसुद्धा दिवा लागलाय का ते दिसतं. आता इथे माझा स्वभाव आडवा आला. त्याच आठवड्यात अंगात कणकण होती म्हणून मी आडवा झालो होतो, झोपेत वहिनींचा फोनही चुकला होता आणि दिवे लागायला आठ वाजले होते. कुणीतरी ठाण्याला कळवलं. वहिनी हळूच म्हणाल्या, "काल उशीर झाला म्हणे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं न चुकता लावले त्याचं नाव कुणी काढत नाही, एक दिवस चुकला त्याची वर्दी पोचते. मी सोलारवाल्याला म्हटलं, सगळ्यांच्या फोनवर टाका, बघू देत ज्याचं त्याला. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, तोही हौसेनं.

महिनाभरात काम झालं. पहिल्या संध्याकाळी दोन्ही ओट्यांवरचे दिवे एकदम लागले. मी अंगणातून पाहिले. काम चोख झालं होतं. सात वाजले, साडेसात झाले. वहिनींनी फक्त ॲपमधल्या दिव्याचा फोटो पाठवला, खाली हात जोडलेले. दुसऱ्या दिवशी तेही नाही. पाच दिवस गेले. मी स्वतः फोन करू शकत होतो, पण करून विचारायचं काय? मला करमत नाही, हे वाक्य आमच्या घरात पुरुषानं कधी उच्चारलेलं मी ऐकलं नाही.

सहाव्या दिवशी दिवे लागल्यावर मी पडवीत गेलो आणि बॅटरीजवळचं थोरल्याच्या घराचं बटण खाली पाडलं. पलीकडची ओटी काळोखात गेली. मी फोन मांडीवर घेऊन बसलो. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. आधी काळजी करू नका म्हणायचं, मग गुडघ्यांचं विचारायचं.

दहा मिनिटांत फोन वाजला. म्हसळ्याच्या सोलारवाल्याचा होता.

"काका, ठाण्यावरनं ॲपवर तक्रार आली. तुमच्या थोरल्यांचा दिवा गेलाय म्हनून. आता उशीर झाला, उद्या सकाळी येतो."

"येऊ नका," मी म्हणालो. "दिवा मीच बंद केलाय."

"का हो?"

"वहिनींचा फोन येईल म्हणून."

त्यानं अगदी जपून विचारलं, "मग त्यांना काय कळवू, काका?"

"वायर सैल होती म्हणा," मी म्हणालो आणि बटण वर केलं.