बिनशिक्क्याचे भावोजी

माझे भावोजी, म्हणजे आमच्या ताईचे यजमान, नोकरीत असताना दुकानांची वजनमापं तपासायचे. वजन उलटं करून बघायचे आणि तळाला तपासणीचा सरकारी शिक्का नसला की दुकानदाराची बोबडी वळायची. निवृत्तीनंतर उलटं करून बघायला घरात ताईची पातेलीच उरली. शेवटी ताईनेच त्यांना कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात जमणाऱ्या मंडळात धाडलं.

मंडळ म्हणजे तो शिंपी, एक नर्स, एक वकील आणि दोन कॉलेजकुमार. सरकारी गोदामातून धान्य मापात कसं मारलं जातं, ते ही मंडळी वेबसाइटवर चव्हाट्यावर मांडायची. लेख सगळे भावोजींचे. ते कागदावर लिहायचे, पोरं टाइप करायची. खाली नाव नसायचं, कारण त्यांचं नुकतंच बायपासचं ऑपरेशन झालेलं आणि ताईची सक्त ताकीद.

एक दिवस ती वेबसाइट उघडेना. परगावी उघडायची, आमच्या गावात नाही. वकील म्हणाला, वरून दाबलीय. मग प्रत्येकाच्या फोनमध्ये खरखर ऐकू येऊ लागली. बैठकीआधी सगळ्यांचे फोन बटणांच्या पत्र्याच्या डब्यात कोंडायचे असं ठरलं. भावोजींनीही आपला जुनाट फोन पुढे केला, तर शिंपी म्हणाला, "तुमचा राहू द्या. तुमचं कोण ऐकतंय?" घरी ताईही हेच म्हणते, पण हे त्यांना फार लागलं.

मग चौकशीची बोलावणी आली. पाचही जणांना आली, भावोजींना नाही. ते दुकानात शिरले की मंडळी गप्प. शिंपी उगाच सुईत दोरा ओवत बसायचा.

"त्यांना वाटतंय, मीच चुगल्या करतो," भावोजी मला म्हणाले. दोन दिवस नीट जेवले नव्हते. "जन्मभर लोकांचे शिक्के तपासले, आणि आता मीच बिनशिक्क्याचा."

"मग जा की, मागून आणा नोटीस," मी म्हणाले. मेहुणीने थट्टा करायची नाही तर कुणी? पण हा गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून खरंच निघाला. ताईला काय तोंड दाखवू, म्हणून मीही मागे धावले.

चौकशी अधिकारी चहा पीत होता. भावोजींनी सरळ सांगितलं, "लेख माझे आहेत. मला नोटीस द्या."

"काका, उन्हाचं फिरू नका. घरी जा."

भावोजी भडकले. त्यांनी अख्खा लेख तोंडपाठ म्हणून दाखवला, गोदामातल्या काट्याच्या आकड्यांसकट. अधिकाऱ्याने कप खाली ठेवला आणि त्याला हसू फुटलं.

"लेख कोण लिहितं, हे विचारून विचारून माझा घसा बसला. पाचांतल्या एकानेही तोंड उघडलं नाही. ती नर्स तर म्हणते, मीच लिहिते. आणि तुम्ही आपणहून चालत आलात!"

भावोजी मटकन खुर्चीत बसले. मला वाटलं, संपलं सगळं. पण ते म्हणाले, "मग त्यांना सोडा आता." हातात नोटीस पडली, तेव्हा ती उलटसुलट करून म्हणाले, "यावर शिक्का नाही." तो मारून घेतल्याशिवाय माणूस हलला नाही.

दुकानात ती नोटीस बघून शिंपी कात्री आपटत म्हणाला, "तुमचं हृदय असलं तोळामासा, म्हणून आम्ही तोंडं शिवून बसलो. तुम्हाला कळलं तर धावत सुटाल, म्हणून तुमच्यासमोरही गप्प. आणि तुम्ही सगळं उसवून आलात?"

"गोळी घेतलीत का सकाळची?" नर्सने विचारलं. घेतली नव्हती. ती पाणी आणायला गेली.

भावोजींनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. शिंप्याने बटणांचा डबा उघडून त्यांच्यापुढे धरला.

"टाका. आता तुमचंही ऐकतील."

भावोजींनी फोन इतक्या हळूच ठेवला, की एकही बटण वाजलं नाही.